बिझनेस ट्रॅव्हलची पेड मेंबरशिप घ्यावी का? आधी मागच्या वर्षीची बिलं काढा

दिवाळीनंतर आमच्या दाजींचा जालन्याहून फोन आला, म्हणले मेव्हणे, एक मेंबरशिप घ्यायलोय, बिझनेस ट्रॅव्हलची, वर्षाचे १५,००० अन् वर जीएसटी, पण फायदे मोजले तर ६०,००० च्या वर जातेत म्हणतेत, घेऊ का? दाजींचा बियाण्याच्या डिस्ट्रिब्युशनचा धंदा आहे अन् फिरणं लै. मी संभाजीनगरला वाळूजच्या एका कंपनीत बसतो, तिथं मार्केटिंगवाल्या पोरापोरींची तिकिटं, हॉटेलची बिलं, कुणी कुठं किती उधळले हे सगळं माझ्याच टेबलावरून जातं, त्यामुळं घरात असला काही विषय निघाला की फोन मलाच. मी म्हणलं दाजी, घ्या बी म्हणत नाही अन् नका घेऊ बी म्हणत नाही, मागच्या वर्षीची सगळी बिलं, तिकिटं घेऊन रविवारी या. अन् ते खरंच आले, बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत बिलं कोंबून.

त्या रविवारी जे बोललो ते इथं लिहायलोय, कारण असले फोन आता जालना, लातूर, नांदेड सगळीकडं यायलेत. जीएसटी नंबर काढला की दोन महिन्यात तुमचा मोबाइल नंबर गावभर झालेला असतो.

आधी ही वस्तू काय आहे ते. नावं वेगवेगळी असतेत, कुणी क्रेडिट कार्डाला जोडून देतं, कुणी हॉटेलवाले स्वतः विकतेत, कुणी फक्त लाउंजचं देतं, पण पाकीट उघडलं की आत माल तीनच प्रकारचा निघतो. एक एअरपोर्टवरचा, म्हणजे लाउंजमध्ये बसणं-खाणं, वेगळी रांग, जास्तीची बॅग. दुसरा हॉटेलचा, म्हणजे रूमवर-जेवणावर सूट, मोठी रूम, उशिरापर्यंत रूम सोडायची मुभा अन् वर्षात एखादी रात्र फुकट. तिसरा बदलाचा, म्हणजे तिकिटाची तारीख बदलली किंवा बुकिंग रद्द केलं तर दंड कमी. जाहिरातीत पहिला माल सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो, फोटो बी त्याचाच. धंद्यावाल्याच्या खऱ्या कामाचा मात्र बहुतेक वेळा तिसरा असतो अन् तो खाली बारीक अक्षरात गेलेला असतो.

आता हे ६०,००० येतात कुठून. एसटीचा आवडेल तेथे प्रवासचा पास आठवा, ४ दिवसांचा किंवा ७ दिवसांचा. एसटीनं उद्या असं म्हणलं की सातही दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत बसमध्ये बसलात तर एवढ्या हजाराचा प्रवास होतो, तर ते खोटं नाही, पण तसं बसतंय कोण. एक दिवस पाहुण्यांकडं मुक्काम पडतो, एक दिवस पोट बिघडतं. मेंबरशिपवाले बी हेच करतेत, प्रत्येक फायदा पूर्ण किमतीनं अन् वर्षात जेवढ्या वेळा देऊ केलाय तेवढ्या वेळा वापरला असं धरून बेरीज मारतेत. तुम्ही तेवढा वापरणार नाही हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहितीय, न वापरलेला फायदा हाच त्यांचा नफा. सगळ्यांनी सगळं वापरलं तर १५,००० मध्ये ६०,००० चा माल कुणालाच परवडणार नाही.

म्हणून मी दाजींना एकच नियम सांगितला, जी गोष्ट मेंबरशिप नसती तर तुम्ही खिशातून पैसे देऊन घेतली असती, तिचेच पैसे धरायचे, अन् तेही तुम्ही जेवढे दिले असते तेवढेच. बाकीचं आवडलं तरी शून्य.

पिशवी ओतली. मागच्या वर्षात दाजींचे बाहेरगावचे दौरे निघाले २२. त्यातले १३ स्वतःच्या गाडीनं, परभणी, नांदेड, बीड, लातूर, अकोला, डीलरकडं वसुलीला अन् माल बघायला. ५ रेल्वेनं मुंबईला. अन् विमानानं फक्त ४, दोन दिल्ली, एक हैदराबाद, एक बंगळूर. दाजी स्वतःच चकित झाले, त्यांच्या डोक्यात आपण सारखं विमानानं जायलोय असं होतं. असं सगळ्यांचंच होतं, विमानाचा दौरा लक्षात राहतो, परभणीचा राहत नाही.

आपल्याकडचा घोळ इथंच आहे. मुंबई-पुण्याचा माणूस घरातून निघाला की तासाभरात एअरपोर्टवर असतो, त्याच्या प्रवासाची सुरुवातच लाउंजपासून होते. आपली सुरुवात होते गाडीच्या डिकीत बॅग टाकून नाहीतर जालन्याच्या प्लॅटफॉर्मवर. वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई सुरू झाली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेडपर्यंत नेली, अन् ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरीपासूनचा शेवटचा तुकडा उघडल्यावर नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर सलग झाला. म्हणजे जे आधी संभाजीनगरच्या चिकलठाणा एअरपोर्टवरून मुंबईचं विमान पकडायचे त्यातले बरेच आता गाडी काढतेत. मेंबरशिपच्या यादीत ना रेल्वे आहे ना गाडी. २२ पैकी १८ दौरे तिथंच बाद झाले.

राहिले ४, म्हणजे जाऊन-येऊन ८ वेळा एअरपोर्ट, अन् दिल्लीला एकदा मुंबईत विमान बदललं म्हणून ९. यात लाउंज खरंच किती वेळा झाला असता? निघताना आपण घाईत असतो, जालन्याहून गाडीनं येऊन सरळ सिक्युरिटीला. वेळ मिळतो तो परत येताना अन् मधे थांबलं तर. तिकिटांवरच्या वेळा बघून मोजलं तर ५. जाहिरातीत वर्षाला १२ भेटी, एकेक १,५०० रुपये धरून १८,००० लिहिले होते. मी विचारलं दाजी, लाउंज नव्हतं तेव्हा काय खाल्लं? म्हणले एक सँडविच अन् चहा, ५०० ला फोडलं. मग ५०० धरा. पाच गुणिले ५००, झाले २,५००. आरामशीर खुर्ची, शांतता याचे पैसे धरायचे का? धरा की, पण आधी स्वतःला विचारा, तिथं खिडकीवर १,५०० रोख मागितले असते तर दिले असते का. दाजी म्हणले येडा हाय का मी.

लाउंजबद्दल अजून थोडं बोलतो, कारण माणसं तिथंच भुलतेत. प्रायॉरिटी पासचं उदाहरण घ्या, जगभर चालतो, नाव मोठं आहे. त्यांचा सगळ्यात साधा प्लॅन वर्षाला ९९ डॉलरचा अन् वर प्रत्येक भेटीला ३५ डॉलर. वर्षात चार वेळा गेलात तर ९९ अधिक १४०, म्हणजे २३९ डॉलर, एका भेटीला जवळजवळ ६० डॉलर पडले, रुपयात ५,००० च्या वर, एका बुफेला. वरून आपलं कार्ड डॉलरच्या खर्चावर साधारण ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे वरचा चार्ज, लावतं अन् त्या मार्कअपवर परत १८ टक्के जीएसटी. महिन्याला परदेशात जाणाऱ्याचं गणित वेगळं, त्याला बेमुदत भेटींचा महाग प्लॅन बी स्वस्त पडेल.

अन् लाउंजचा फायदा मधल्या माणसाच्या भरवशावर असतो हेही ध्यानात ठेवा. लाउंज चालवणारा वेगळा, कार्ड देणारा वेगळा, मधे दोघांना जोडणारी कंपनी तिसरीच. भारतात हे मधलं काम मोठ्या प्रमाणावर करणाऱ्या ड्रीमफोक्सनं १६ सप्टेंबर २०२५ पासून देशातल्या लाउंजची सेवा बंदच केली, अन् बँकांना दुसरी सोय बघावी लागली. मी स्वतः एकदा एका एअरपोर्टवर लाउंजच्या दारात कार्ड धरून पाऊण तास उभा होतो, सिस्टीम डाउन आहे सर, आत्ता होईल सर, अन् शेवटी बोर्डिंग सुरू झालं म्हणून उपाशीच विमानात. काउंटरवरच्या पोराची चूक नव्हती, त्याच्या हातात काहीच नव्हतं. पण फी मात्र वर्षाची आगाऊ गेलेली असते.

हॉटेलचं पुढं घेऊ. वर्षात दाजींच्या १४ रात्री हॉटेलात गेल्या, त्यातल्या १२ मार्केटजवळच्या लॉजमध्ये, १,८०० ते २,५०० वाली रूम, कारण काम तिथंच असतं अन् डीलर बी तिथंच भेटायला येतो. मेंबरशिपमधल्या हॉटेलात बसणाऱ्या फक्त २ रात्री. रूम ६,००० ची, मेंबरला २० टक्के सूट, पण बुकिंग अ‍ॅपवर तीच रूम १० टक्के कमी मिळतच होती, म्हणून खरा फायदा १० टक्क्यांचा, दोन रात्रींचे १,२००. छापील दरावरची सूट कधीच धरू नका, तुम्हाला मेंबरशिप नसताना जो दर मिळतो त्यावर किती वाचलं तेवढंच बघा. मोठ्या हॉटेल ग्रुपांची साधी मेंबरशिप फुकट असते, सरळ त्यांच्या साइटवरून बुक केलं की थोडी सूट त्यातच मिळून जाते, तीही आधी वजा करा.

फुकट रात्र ८,००० ची लिहिली होती. अटी वाचल्या तर शनिवार-रविवार नाही, सणासुदीला नाही, अन् रूम शिल्लक असेल तरच. ताई शिक्षिका, तिला सुट्टी नेमकी सणासुदीला. समजा गेलेच कुठं, तर एरवी दाजी ३,००० च्या वरची रूम घेत नाहीत, म्हणून ३,००० धरले, अन् जाणं होईल-न होईल म्हणून त्याचे निम्मे, १,५००. मोठी रूम अन् उशिरा चेकआउट, दोन्ही 'उपलब्ध असेल तर'. याची किंमत मी शून्य धरतो, मिळालं तर बोनस.

इथं एक जीएसटीची गोष्ट, जी आमच्या कंपनीत बी नव्या पोरांना दरवर्षी सांगावी लागते. महाग हॉटेल घ्या, क्रेडिट मिळतंय, म्हणजे बिलावर भरलेला जीएसटी तुमच्या देण्यातून वजा होतो, असं एजंट ठोकून देतेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० पर्यंतच्या रूमला ५ टक्के जीएसटी आहे अन् हॉटेलला क्रेडिट नाही, त्याच्या वरच्या रूमला १८ टक्के. आता हॉटेलच्या बाबतीत सेवा कुठं झाली तर जिथं हॉटेल उभं आहे तिथं, असा कायदा आहे. तुम्ही हैदराबादला राहिलात की बिलात सेंट्रलचा अन् तेलंगणाचा जीएसटी लागतो, अन् तुमचं रजिस्ट्रेशन फक्त महाराष्ट्राचं असेल तर तो तुम्हाला घेता येत नाही, बिलावर तुमचा नंबर टाकला तरी. विमानाच्या तिकिटाचं असं नाही, तिथं नंबर टाकून बुक केलं तर क्रेडिट तुमच्या राज्यात येतं. म्हणजे दिल्ली-हैदराबादच्या भारी रूमवरचे १८ टक्के दाजींच्या खिशातूनच गेले असते.

फीवरच्या जीएसटीचं बी तसंच. १५,००० वर १८ टक्के म्हणजे २,७००, एकूण १७,७००. क्लबच्या मेंबरशिपवरचं क्रेडिट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नं अडवलेलं आहे. तुमची मेंबरशिप क्लबमध्ये मोडते का हे तुमचा सीए सांगेल, मी हिशोबात ते क्रेडिट धरतच नाही, पूर्ण १७,७०० धरतो.

अन् मग ते जगप्रसिद्ध वाक्य आलंच, दाजी म्हणले, पण धंद्याच्या खर्चात टाकतो ना, टॅक्समध्ये जातंय. आपल्याकडं हे वाक्य म्हणून माणसं कायकाय घेतेत, गाडी घेतेत, सोफा घेतेत. खर्चात टाकलं म्हणजे फुकट झालं असं नाही. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर १०० रुपये खर्चावर सेस धरून ३१ रुपये टॅक्स वाचतो, उरलेले ६९ तुमचेच गेले. ज्याची गरज नाही अशा वस्तूवर ६९ घालवून ३१ वाचवायचे, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता तिसरा माल, बदलाचा, याला मी वजन देतो. मागच्या वर्षी दिल्लीच्या एका मीटिंगची तारीख पुढं गेली अन् तिकीट बदलायला ३,००० गेले. मेंबरशिपमध्ये वर्षाला २ बदल फुकट होते, म्हणून ३,००० पूर्ण धरले, कारण ते खरोखर खिशातून गेले होते. बियाण्याच्या धंद्यात पाऊस लांबला की सगळ्या मीटिंगा लांबतेत, त्यामुळं हा खर्च परत होणार हे नक्की. पण इथं बी दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे जीएसटी नंबर असलेल्या धंद्यांसाठी काही एअरलाइन एसएमई (म्हणजे लहान-मध्यम धंद्यांचं) किंवा कॉर्पोरेट भाडं देतेत, तिकीट थोडं महाग, पण त्यात खाणं अन् तारीख बदलायचा कमी चार्ज धरलेला असतो, वर्षाची फी नाही काही नाही, लागेल तेव्हा लागेल तेवढंच. चार दौऱ्यांच्या माणसाला हे सरळ पडतं. दुसरं, विमान लेट झालं तर आम्ही सांभाळू असं जे विकतेत, त्यातलं बरंचसं तुमच्या हक्काचंच आहे. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्याच्या नियमानं अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला २ तास उशीर झाला की एअरलाइननं खायला-प्यायला द्यायचं, ६ तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत. वेळेत न कळवता विमानच रद्द केलं तर उड्डाण किती तासांचं त्यावर ५,००० ते १०,००० पर्यंत भरपाई, किंवा मूळ भाडं अधिक इंधन चार्ज, यात जे कमी असेल ते. हवामान वगैरे कारणं वगळून. काउंटरवर जाऊन मागावं लागतं एवढंच. वेगळ्या रांगेचं तर आता फारसं काही राहिलंच नाही, डिजीयात्रा १ डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे, मोठ्या एअरपोर्टांवर चेहरा दाखवून आत जाता येतं, फुकट.

मेंबरशिपसोबत जे पॉइंट देतेत त्यांचं मी दोन वाक्यात उरकतो. एका पॉइंटचे किती पैसे होतात ते विचारा, बऱ्याच ठिकाणी २०-२५ पैसे निघतेत, अन् मुदत विचारा. १०,००० पॉइंट बोनस ऐकायला लै वाटतं, निघाले २,०००-२,५०० रुपये, तेही त्यांच्याच दुकानात.

बेरीज केली. लाउंज २,५००, हॉटेल १,२००, फुकट रात्र १,५००, तारीख बदल ३,०००. एकूण ८,२००. फी १७,७००. दाजी बराच वेळ कागदाकडं बघत बसले, मग म्हणले, मेंबरशिप विकायला फोन करणाऱ्या त्या पोरीनं तर ६०,००० सांगितले होते. सांगितले होते ना, ते तिच्या यादीतले, हे तुमच्या पिशवीतले.

पण हेच गणित आमच्या कंपनीतल्या एक्सपोर्ट बघणाऱ्या मॅडमचं मांडलं तर उलटं निघतं. त्या महिन्यातून दोनदा विमानानं जातेत, कधी चेन्नई, कधी पुण्याहून बाहेर, वर्षाला ३० एक वेळा लाउंज होतो, १२ भेटींची मर्यादा नसलेली मेंबरशिप धरली तर ५०० नं १५,०००, अन् गिऱ्हाइकाच्या तारखा बदलतेत म्हणून वर्षात सहा वेळा तिकीट हलतं. फुकट दोनच बदल धरले तरी ६,०००. २१,००० झाले की इथंच, हॉटेल न धरता. त्यांनी घेतली तर मी मान्य करतो. फक्त त्यांच्या बाबतीत एक वेगळाच प्रश्न निघाला, दौऱ्यावरचं खाणं कंपनी देते, तिकीट बदलायचा चार्ज बी कंपनी देते, मग वाचले कुणाचे? कंपनीचे. तर फी बी कंपनीनं भरावी, मॅडमनी स्वतःच्या कार्डावर कशाला घ्यायची. आमच्याकडं हे पटवायला दोन मीटिंगा गेल्या अन् चहा किती झाला ते विचारू नका.

दाजींना रिकाम्या हातानं पाठवायचं बरं वाटेना म्हणून त्यांच्या १३ गाडीच्या दौऱ्यांकडं वळलो. फास्टॅगचा वार्षिक पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपये, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते, अन् फक्त खाजगी कार-जीपला. ही बी मेंबरशिपच आहे बघा, अन् नियम तोच. २०० फेऱ्या केल्या तर नाक्याला १५ रुपये पडतेत हे त्यांचं गणित. दाजींच्या मोबाइलमधले टोल कटल्याचे मेसेज मोजले तर नॅशनल हायवेचे नाके वर्षात ६० वेळा ओलांडलेले, म्हणजे त्यांना नाका पडला ५० ला. सरासरी टोल ८५ च्या आसपास जात होता, ६० नाक्यांचे ५,१००, पास ३,०००, वाचले २,१००. जाहिरातीएवढं नाही, पण खरे. एकच गोष्ट, हा पास समृद्धीवर चालत नाही, तो रस्ता राज्याचा आहे, त्यामुळं समृद्धीवरचे मेसेज मी आधीच बाजूला काढले होते. लातूर, बीड, नांदेडकडं नॅशनल हायवेनं फिरणाऱ्यानं हे मोजून बघावं. मुंबईला रेल्वेनं जाणाऱ्याला स्टेशनवरची रिटायरिंग रूम बी बघायला हरकत नाही, कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर बुक होते, मीटिंगच्या आधी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालायला पुरते.

मागच्या वर्षीच्या बिलांवर सगळं सोडायचं का, असं ताईनं मधेच विचारलं, अन् प्रश्न बरोबर होता. पुढचं वर्ष वेगळं असणार हे नक्की माहिती असेल तर तसं धरा, म्हणजे कंपनीनं हैदराबादची दर महिन्याची मीटिंग ठरवून दिलीय, तारखा आल्यात, तर धरा. फिरणं वाढेल असं वाटतंय, एवढ्यावर नाही. दाजींना तसं वाटायलं हे मला दिसत होतं, कारण खरीप चांगला गेला की सगळ्यांनाच वाटतं.

अन् कुणी घ्यायचीच ठरवली तर पहिलं वर्ष फुकट किंवा अर्ध्या किमतीत असेल त्यातच घ्या, पण त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर ११ व्या महिन्यात खूण करा. मी एका कार्डाचं असंच पहिलं वर्ष फुकट घेतलं होतं अन् दुसऱ्या वर्षी फी गुपचूप कटली, वर्षभरात ते कार्ड मी चार वेळा बी काढलं नव्हतं. आपोआप कटणाऱ्या पैशाला रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कटायच्या किमान २४ तास आधी मेसेज आला पाहिजे, अन् १५,००० च्या वरच्या रकमेला तुमचा ओटीपी लागतो. तुमची फी त्याच्या खाली बसवली असेल तर फक्त मेसेज येणार, अन् तो मेसेज कर्जाच्या अन् सेलच्या मेसेजांत कुठं गाडला जातो ते मला माहितीय.

दाजींनी त्या दिवशी मेंबरशिप घेतली नाही, पण सोडून बी दिली नाही. माझ्याच लॅपटॉपवरून त्यांनी एक मेल लिहिला, तारीख बदलायची सवलत कुठल्या एअरलाइनला, कुठल्या भाड्याच्या तिकिटाला, अन् भाड्यातला फरक कोण भरणार, हे लेखी कळवा. याला दीड महिना झाला. फोन आठवड्याला दोन येतेत, मेलचं उत्तर अजून आलेलं नाही.